सावधगिरीचा पाठ आणि नागरिकत्वाचा प्रश्न

सहावी ते आठवीच्या मुलांना इंटरनेटवरील सुरक्षितता आणि जबाबदार डिजिटल नागरिकत्व शिकविण्यासाठी मी एक टिपण तयार केले होते. त्या टिपणाचीच समीक्षा मला येथे करावयाची आहे. आपलेच लेखन आपणच तपासावयास घेणे हे काहींना विचित्र वाटेल. पण कथा-कादंबरीची चिकित्सा करताना आपण जे प्रश्न विचारतो, ते शाळेच्या पाठाला आपण क्वचितच विचारतो. मराठीतील पांढरपेशा कथेचा नायक कोण, तो कोणत्या घरात राहतो, त्याचे दुःख कशाचे आहे, हे प्रश्न दलित समीक्षेने विचारले आणि त्यामुळे त्या साहित्याचे तोकडेपण उघड झाले. पाठालाही नायक असतो. पाठ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक मूल असते आणि सगळ्या सूचना त्या मुलाला उद्देशून असतात. माझ्या पाठातले मूल कोणते होते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रसंग असा. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर-लोणार भागातील एका गावात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. महिना जानेवारीचा. गावातल्या उच्च प्राथमिक शाळेत रोज एक तास मला मिळाला. त्यासाठी मी आधीच तयारी केली होती. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१८ साली किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी काढलेली सायबर सुरक्षेची पुस्तिका समोर ठेवली. तिच्यात सायबर छळ, मुलांशी गोड बोलून जवळीक साधणारे लबाड लोक, ऑनलाइन खेळ, ई-मेलवरची फसवणूक, पैशांच्या व्यवहारातली फसवणूक आणि समाजमाध्यमांवरचे खाते कसे जपावे, अशी प्रकरणे आहेत. आणखी दोन-तीन ठिकाणची माहिती जमविली आणि मराठीत बारा कलमे उतरवली. पासवर्ड कोणाला सांगू नये. अनोळखी माणसाची मैत्री स्वीकारू नये. स्वतःचा फोटो टाकू नये. कोणी वाईट लिहिले तर उत्तर देऊ नये, त्याला ब्लॉक करावे. खात्री केल्याशिवाय संदेश पुढे पाठवू नये. घरातल्या मोठ्यांना विश्वासात घ्यावे. अशी ती कलमे होती.

यातले एकही कलम खोटे नाही, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. लहान मुलांना फसविणारे लोक आहेत, खेळाच्या नादाने पैसे गमावणारी मुले आहेत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असले पाहिजेत. माझी तक्रार कलमांच्या खरेखोटेपणाविषयी नाही. ही कलमे ज्या मुलासाठी लिहिली गेली ते मूल त्या वर्गात नव्हते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

१

माझ्या पाठातल्या मुलाजवळ स्वतःचा मोबाईल आहे. त्याला स्वतःची खोली आहे. त्याचे आईवडील शिकलेले आहेत आणि त्याने काही विचारले तर त्यांना सांगता येते. त्याचा पासवर्ड त्याचा एकट्याचा आहे. त्याच्या या सुरक्षित घरावर बाहेरून, दूरवरून, कोणा अनोळखी माणसाचे संकट येणार आहे. हा नायक आपल्या ओळखीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी पाठ्यपुस्तकात तोच होता. आता त्याच्या हातात मोबाईल आला, एवढेच.

प्रत्यक्ष वर्गात बेचाळीस मुले होती. 'स्वतःचा मोबाईल कोणाकडे आहे?' असे विचारल्यावर तीन हात वर आले. बाकीच्यांच्या घरी एकच मोबाईल. तो बापाचा, नाही तर थोरल्या भावाचा. बाप रोजाने गेला की मोबाईलही त्याच्या खिशातून वावरात जातो. संध्याकाळी त्यावर आई मामाशी बोलते, भाऊ क्रिकेट पाहतो, धाकटा गाणी ऐकतो आणि रिचार्ज संपला की तो आठ दिवस कोनाड्यात पडून राहतो. या घरात पासवर्ड गुप्त ठेवा म्हणजे काय करा? चार माणसांच्या घरात ताट गुप्त ठेवा म्हणण्यासारखे ते आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. माझ्या महाविद्यालयातली मुले शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरतात. तो घरी भरता येत नाही. तालुक्याच्या गावी सेतू केंद्रावर किंवा नेट कॅफेवर जावे लागते. तिथला मुलगा आधार क्रमांक घेतो, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारतो, पासवर्डही तोच तयार करतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला गेले की ती वही उघडली जाते. आमच्या कित्येक मुलांना आपला पासवर्ड माहीत नसतो, पण केंद्रावरच्या मुलाला माहीत असतो. हे त्या केंद्रचालकाचे दुष्ट कृत्य नव्हे, पुष्कळदा तो मदतच करीत असतो. पण व्यवस्थेकडे पाहा. ओटीपी कोणाला सांगू नका असे एका हाताने शिकवायचे आणि सांगितल्याशिवाय शिष्यवृत्ती मिळणार नाही अशी रचना दुसऱ्या हाताने करायची. सातवीतल्या मुलाने थोरल्या बहिणीबरोबर केंद्रावर जाऊन हे डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला माझे पहिले कलम खरे का वाटावे?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व मांडले आहे. तत्त्व चांगले आहे. पण संमती देणारा पालक वाचू शकतो, नाही म्हणू शकतो, हे त्यात गृहीत आहे. माझा बाप सालदार होता. त्याने आयुष्यात अनेक कागदांवर अंगठा उठवला. त्यांतल्या एकाही कागदावर काय लिहिले आहे हे त्याला कोणी वाचून दाखविले नाही. बोटाने 'मान्य आहे' दाबणे आणि अंगठा उठविणे यांत, वाचता येत नसेल तर, फारसा फरक उरत नाही.

२

तिसऱ्या दिवशी मी अनोळखी माणसाचे कलम शिकवीत होतो. सातवीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, अनोळखी मानसापासून जपा म्हन्ता तुमी. पन मले तं ओळखीच्याच मानसानं लिवलं. तवा काय करा लागते?"

हकीगत थोडक्यात अशी. सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, त्याने बापाच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो आणि एक गाणे स्टेटसला लावले होते. गावातल्या तरुणांचा एक ग्रुप आहे. त्यात बापाचा क्रमांकही आहे. त्या स्टेटसचा फोटो काढून कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि खाली जातीवरून लिहिले. चार जणांनी हसण्याची चिन्हे टाकली. लिहिणारा त्याच गावचा, ज्याच्या वावरात बाप मजुरीला जातो त्या घरातला. बापाने स्टेटस काढून टाकले आणि पोराला दोन थपडा मारल्या.

मी काय उत्तर दिले? माझ्या टिपणातले सातवे कलम मी त्याला वाचून दाखविले. उत्तर देऊ नये, दुर्लक्ष करावे, ब्लॉक करावे. मुलगा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर नवे काही ऐकल्याची खूण नव्हती. रात्री शिबिरात अंथरुणावर पडल्यावर मला ते वाक्य कोठे ऐकले ते आठवले. माझा आजा म्हणायचा, "कोनी काई म्हनलं तं आयकून न आयकल्यावानी करा." गावकुसाबाहेर वाढलेल्या माझ्या आज्याला जगण्यासाठी जे शहाणपण लागले, तेच मी पदव्युत्तर शिक्षण घेऊन, सायबर सुरक्षा या नावाने, पंचवीस वर्षांनंतर एका मुलाला परत देत होतो. मान खाली घाल, आवाज करू नको, नजरेस पडू नको. जातिव्यवस्थेने आपल्याला सावधगिरी फार पूर्वीच शिकविली आहे. तिच्यासाठी वेगळ्या पुस्तिकेची गरज नव्हती.

मग त्याला उलट उत्तर द्यायला सांगावे काय? क्रांतिकारक भाषणात हे वाक्य सोपे आहे. पण मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून भांडण निघाले, अशी तक्रार होती. रिंगटोन म्हणजे कोणाला उद्देशून लिहिलेले उत्तरही नव्हे, खिशातल्या यंत्राचा आवाज. तो ज्यांना सहन होत नाही त्यांच्या गावात बारा वर्षांच्या मुलाला 'उत्तर दे' असे सांगून मी सातव्या दिवशी शिबिराच्या गाडीत बसणार होतो. त्याच्या बापाने मला हेच सांगितले. मी भेटायला गेलो तेव्हा तो अंगणात विळा घासत होता. म्हणाला, "सर, तुमी चार दिवसानं जासान. मले त्याच्याच वावरात तूर सोंगाले जा लागते." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याची मजुरी दुसऱ्याच्या हातात आहे त्याच्या मोबाईलमधले नागरिकत्वही दुसऱ्याच्या हातात असते.

येथे कायदा काय म्हणतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या मुलांना आणि आपल्या शिक्षकांनाही ते सांगितले जात नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान करणे हा गुन्हा मानतो. हा 'लोकांच्या नजरेस पडणारा' शब्द लिहिला गेला तेव्हा चावडी, बाजार, रस्ता डोळ्यांपुढे होता. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली एका प्रकरणात सांगितले की इंटरनेटवर टाकलेला अपमानकारक मजकूरही त्यात येतो, कारण तो जो कोणी उघडून पाहील तो तेथे हजर असल्यासारखाच आहे. बंद ग्रुपबाबत त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थिती पाहावी लागेल. पण मूळ तत्त्व महत्त्वाचे आहे. इंटरनेट ही सार्वजनिक जागा आहे.

सार्वजनिक जागा म्हटले की आपल्याला महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. तरी तळ्यावर जाण्याची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन गेले तेव्हा तो ठराव खरा झाला, आणि लगेच आपल्या माणसांवर हल्लाही झाला. या इतिहासातून शिक्षकाने दोन गोष्टी घ्यावयास हव्यात. हक्क कागदावर असून भागत नाही, तो वापरावा लागतो. आणि तो वापरायला बाबासाहेबांनी एखाद्या पोराला एकट्याला पुढे पाठविले नाही. परिषद भरवली, माणसे जमविली, कायदा तपासला, स्वतः पुढे चालले आणि मग पाण्याला हात लावला. माझे सातवे कलम मुलाला एकटे पाडते. 'दुर्लक्ष कर' म्हणणाराही त्याला एकटे सोडतो आणि 'लढ' म्हणून निघून जाणाराही एकटेच सोडतो.

३

चौथ्या दिवशी आठवीतल्या मुलींशी आमच्या महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थिनी बोलल्या. एका मुलीची गोष्ट त्यांनी मला सांगितली. पंधरा ऑगस्टला शाळेत तिने नाच केला. गर्दीतल्या कोणीतरी तो मोबाईलवर टिपला आणि त्याला एक सवंग गाणे जोडून फिरवला. मुलीने फोटो टाकलेला नव्हता. तिच्याजवळ मोबाईलच नव्हता. तरी पंधरा दिवस तिची शाळा बंद झाली, आणि पुढे कार्यक्रमात भाग घेणे कायमचे बंद झाले. 'स्वतःचा फोटो टाकू नये' या माझ्या कलमाने तिला काय सांगितले? चूक तुझी होती, एवढेच सांगितले. ज्याने टिपला, ज्याने गाणे जोडले, ज्या शंभर जणांनी पाहून पुढे ढकलले, त्यांच्यासाठी त्या पाठात एकही वाक्य नव्हते.

हे ऐकताना मला ताराबाई शिंदे आठवल्या. त्या आमच्याच बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. त्या चिखलफेकीला ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. उत्तराबद्दल त्यांच्यावरच टीका झाली आणि तेव्हा जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्या काळी छापखाना नवा होता, आज मोबाईल नवा आहे. माध्यम बदलले. एका बाईच्या निमित्ताने सगळ्या बायांना घरात कोंडण्याची रीत बदलली नाही. आणि ताराबाईंनी स्त्रियांना 'जपून वागा' असे सांगितले नव्हते. त्यांनी पुरुषांना त्यांच्या वागणुकीचा जाब विचारला. आपल्या जिल्ह्यातल्या शाळेत मोबाईलविषयी शिकविताना हे नाव निघू नये, याचा अर्थ आपण आपलीच परंपरा विसरून उसन्या पुस्तिकांवर विसंबलो असा आहे.

येथे आपल्यालाही आरशात पाहिले पाहिजे. तो नाच फिरविणाऱ्यांत आपल्या वस्तीतली पोरेही होती, असे त्या विद्यार्थिनींनी सांगितले. जातीवरून झालेल्या अपमानाने पेटणारा तरुण बाईच्या अपमानावर हसण्याचे चिन्ह टाकतो तेव्हा त्याची समतेची भाषा अर्धी असते. मोर्चात घोषणा देणारा हात आणि रात्री तो व्हिडिओ पुढे ढकलणारा अंगठा एकाच माणसाचा असतो, हे आपण आपसांत तरी बोलले पाहिजे.

४

आता 'जबाबदार' या शब्दाकडे येतो. माझ्या टिपणात जबाबदारीचे एकच कलम होते, आणि तेही शेवटच्या आधीचे. खात्री केल्याशिवाय संदेश पुढे पाठवू नये. कारण काय दिले होते? अफवा पसरविल्यास तुमच्यावर कारवाई होऊ शकते. म्हणजे येथेही भीती स्वतःचीच. दुसरा माणूस त्या कलमात कोठेच नव्हता.

पाचव्या दिवशी मी टिपण बाजूला ठेवले आणि मुलांना राईनपाड्याची हकीगत सांगितली. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवसांत मुले पळविणारी टोळी आली आहे असे संदेश व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले पाच जण, बहुतेक मंगळवेढा भागातले, भिक्षा मागत तेथे आले होते. जमावाने त्यांना मुले पळविणारे ठरविले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. ग्रामपंचायत म्हणजे गावाच्या लोकशाहीची जागा. त्याच जागेत पाच नागरिक मेले.

त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली. पण संदेश पाचांनाच गेला तर तो खरा ठरतो काय? त्या अफवेवर लोकांनी विश्वास का ठेवला, हा खरा प्रश्न आहे. इस्त्री केलेल्या कपड्यातला, मोटारीतून उतरणारा माणूस तितक्या सहज मुले पळविणारा ठरत नाही. झोळी घेतलेला ठरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो कायदा गेला, पण फिरस्त्याकडे पाहणारी नजर गेली नाही. मोबाईलने त्या जुन्या नजरेला वेग दिला. म्हणून अफवेचा पाठ हा जातीचा पाठ आहे. तो केवळ यंत्राचा पाठ म्हणून शिकविला तर मूल एवढेच शिकेल की संदेश पाठविताना पकडले जाऊ नये. पुण्यात जून २०१४ मध्ये महापुरुषांच्या विटंबनेच्या फेसबुक मजकुरावरून दंगल झाली आणि ज्याचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता असा एक मुसलमान तरुण त्याच्या पेहरावावरून ओळखून मारला गेला. तेथेही आधी ठरला तो माणूस, कारण मागून आले.

मी विचारले, 'असा संदेश कोणाच्या घरच्या मोबाईलवर आला होता?' बहुतेक सगळे हात वर आले. 'कोणी पुढे पाठविला?' बरेच हात खाली गेले, काही राहिले. मागच्या बाकावर भटक्यांच्या वस्तीवरची एक मुलगी होती. चार दिवसांत ती एकदाही बोलली नव्हती. ती म्हणाली, "आमचा आजा नव्या गावात गेला का पयले पोलीसपाटलाले आधारकार्ड दाखवते. मंगच फिरते." वर्गात कोणी हसले नाही. ज्या मुलाने स्टेटसची हकीगत सांगितली होती, त्याचा हात अजून वर होता. त्याच्या घरूनही तो संदेश पुढे गेला होता. त्याने मागे वळून त्या मुलीकडे पाहिले आणि हात सावकाश खाली घेतला.

त्या क्षणी वर्गात जे घडले त्याला मी नागरिकत्वाचा पाठ म्हणतो. आपल्याला दुखविणारा ग्रुप आणि आपण दुखविलेला माणूस एकाच मोबाईलमध्ये आहेत, हे एका मुलाला कळले. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेबरोबर बंधुता मांडली आणि ही तीन वेगळी करता येत नाहीत असे सांगितले. माझ्या बारा कलमांत थोडे स्वातंत्र्य होते, समता नव्हती आणि बंधुता तर आठवणीतही नव्हती.

५

'नागरिक' हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही. म्हणून तो स्वस्तात वापरलेला पाहिला की खटकतो. डिजिटल नागरिक म्हणजे जपून वागणारा ग्राहक, असा अर्थ रूढ होत आहे. ग्राहकाला फक्त फसविले जाऊ नये एवढे पुरते. नागरिकाला बोलता आले पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना एका फेसबुक मजकुराबद्दल अटक झाली. एकीने बंदविषयी प्रश्न विचारला होता आणि दुसरीने त्याला पसंती दिली होती. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केले. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल एका विद्यार्थिनीने वसतिगृहातील मोबाईलबंदीविरुद्ध मिळविला. हे सगळे सहावी-आठवीच्या मुलाला सोप्या भाषेत सांगता येते. आम्ही सांगत नाही, कारण हक्क सांगितला की मूल प्रश्न विचारील अशी आम्हां शिक्षकांना भीती वाटते.

या वयाच्या मुलांना एवढे मोठे कशाला सांगावे, असा एक आक्षेप येईल. त्याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला तेव्हा ती शाळकरी वयाचीच होती. त्या काळचे सर्वांत नवे माध्यम तिने वापरले, आणि वापरले ते आपल्या समाजाचे दुःख जगापुढे मांडण्यासाठी. तिच्या गुरूंनी तिला 'नाव छापू नको, लोक काय म्हणतील' असे सांगितले असते तर ती सुरक्षित राहिली असती आणि आपण मुके राहिलो असतो. पण तिच्या मागे शाळा उभी होती, हे विसरता कामा नये. तिचे धाडस आणि तिच्या गुरूंचा आधार या दोन गोष्टी मिळून तो निबंध झाला.

शिबिराहून परतल्यावर मी टिपण नव्याने लिहिले. पासवर्ड, ओटीपी, फसवणूक यांची कलमे ठेवली आहेत, पण 'केंद्रावर गेल्यावर पासवर्ड आपल्या हाताने टाका आणि घरी आल्यावर बदला' असे व्यवहारातले वाक्य जोडले आहे. पहिला तास आता महाडच्या तळ्याचा आहे. दुसरा राईनपाड्याचा. मुलींच्या तासाला मुलगेही बसतील आणि तो ताराबाईंपासून सुरू होईल. 'उत्तर देऊ नये' हे कलम काढून त्याजागी असे लिहिले आहे : अपमान झाला तर तो मजकूर पुसू नका. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि ग्रुपचे नाव वहीत लिहा. त्याच दिवशी शिक्षकाला सांगा. पुढचे काम शिक्षकाचे आहे. हे शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात थबकला. कारण ते मुलावर बंधन घालत नाही, माझ्यावर घालते. उद्या एखादे मूल स्क्रीनशॉट घेऊन आले तर तक्रारीवर पहिली सही मला करावी लागेल, आणि माझी नोकरी, बदली, गावातले संबंध या गोष्टी मलाही आहेत. तरी ते वाक्य मी खोडलेले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. ग्रुपवरचा मजकूर बापाने आधीच पुसला होता, पुरावा उरला नव्हता. बापाने तक्रार नको म्हटले आणि मी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. शिबिराच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर मुलांनी आपापले लेखन लावले. त्या मुलाने सहा डिसेंबरविषयी दहा ओळी लिहिल्या आणि खाली पूर्ण नाव घातले. तो कागद वाचायला गावातली माणसे आली होती. त्यांत त्याचा बापही होता. वाचता येत नसल्यामुळे त्याने मुलालाच तो मोठ्याने वाचायला सांगितला.